पिशवी काढण्याआधी एकदा तपासून घ्या

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्यामुळे बाईला आजारी पडायची सोय नसते. म्हणून निघण्याआधीच्या महिन्या-दोन महिन्यांत अनेक घरांत एक निर्णय होतो: बाईची पिशवी काढून टाकायची. कधी सासू सुचवते, कधी शेजारीण, कधी तालुक्याचा डॉक्टर. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हे आवाहन त्या घरांसाठी आहे, आणि त्या घरांत ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा प्रत्येकासाठी आहे. अंगावरून पांढरं जातं, वास येतो, खाज सुटते, लघवीला जळजळ होते, कंबर दुखते, एवढ्यावरून कुणाही बाईची पिशवी काढू नका. या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पिशवीत नसतंच.

२०१९ साली बीडमधल्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अशाच शस्त्रक्रियांवरच्या एका याचिकेत, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रानं केलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सगळ्या राज्यांना दिला. कागदावर बंदोबस्त झाला. पण ज्या तक्रारीपासून हा रस्ता सुरू होतो ती तक्रार आजही तशीच आहे, आणि तिच्याबद्दलचं अज्ञानही तसंच आहे. म्हणून आधी त्या तक्रारीबद्दलच सविस्तर बोलते.

निरोगी बाईच्या योनीमार्गात कोट्यवधी जीवाणू राहतात. ते घाण म्हणून साचलेले नसतात, तिथलेच रहिवासी असतात. १८९२ साली अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरनं त्यांचं पहिलं नीट वर्णन केलं. पुढे त्यांना लॅक्टोबॅसिलस हे नाव मिळालं. बीजकोशातून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे योनीमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा तयार होतो. या साठ्यावर हे जीवाणू जगतात आणि बदल्यात लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका आंबट राहतो, आणि त्या आंबटपणात बहुतेक रोगजंतू टिकाव धरू शकत नाहीत. पीक दाट असलं की तणाला जागा मिळत नाही, तसंच हे आहे. अंगावरून थोडं पांढरं, बिनवासाचं जाणं, पाळीच्या मधल्या दिवसांत ते वाढणं, गरोदरपणात आणखी वाढणं, हे या व्यवस्थेचंच लक्षण आहे. त्याला औषध लागत नाही. त्यातून शरीराची ताकदही वाहून जात नाही. अशक्तपणा खरा असतो, पण तो बहुधा रक्त कमी असल्यामुळे असतो. त्यासाठी हिमोग्लोबिन तपासावं लागतं.

सगळ्या बायकांची ही वस्ती एकसारखी नसते. २०११ मध्ये जॅक राव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३९६ निरोगी स्त्रियांचे नमुने तपासले, तेव्हा पाच मुख्य प्रकार दिसले. चार प्रकारांत कुठल्या ना कुठल्या लॅक्टोबॅसिलसचं राज्य होतं. पाचव्यात ते कमी आणि इतर जीवाणू जास्त होते, तरी त्या स्त्रियांना कसलाच त्रास नव्हता. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालात एखाद्या जीवाणूचं नाव दिसलं म्हणून घाबरायचं नसतं. तक्रार, तपासणी आणि अहवाल या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच निदान करावं लागतं.

ही वस्ती उधळली की लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनेरेला, प्रिव्होटेला यांसारखे इतर जीवाणू माजतात. पीएच ४.५ च्या वर जातो. पातळ, करडट स्राव जाऊ लागतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. संबंधानंतर किंवा पाळीच्या दिवसांत वास वाढतो, कारण वीर्य आणि रक्त दोन्ही आंबटपणा मोडतात. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांमध्ये असा त्रासदायक स्राव जाण्याचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे. बुरशीचा संसर्ग वेगळा: त्यात दह्याच्या गुठळ्यांसारखं घट्ट पांढरं जातं, खाज आणि आग असते, वास नसतो, आणि पीएच सहसा बिघडत नाही. ट्रायकोमोनास हा तिसरा प्रकार, तो लैंगिक संबंधातून पसरतो. तिघांची औषधं वेगवेगळी आहेत. आणि तिघंही योनीमार्गाचे आजार आहेत, तीन-चार इंच आत असलेल्या पिशवीचे नाहीत. पिशवी काढल्यावरही योनीमार्ग तिथंच राहतो, त्यातले जीवाणू तिथंच राहतात, आणि काही महिन्यांत पांढरं जाणं पुन्हा सुरू होऊ शकतं. मग ती बाई माझ्यासमोर बसून विचारते, मॅडम, पिशवी तर काढली, आता हे कुठून येतंय?

हे तिला ऑपरेशनच्या आधी कुणीच का सांगितलं नाही, हा माझा प्रश्न आहे.

हा त्रास किती खोल रुजलेला आहे ते महाराष्ट्राला पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वीच कळलं होतं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, सरासरी एकेकीला तीनहून जास्त. आणि आयुष्यात त्याआधी कधीतरी स्त्रीरोगतपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. जगानं या अभ्यासाची दखल घेतली, धोरणं बदलली. पण आजही खेड्यातल्या दवाखान्यात पांढरं जातं म्हणून आलेल्या बाईला टेबलावर घेऊन, स्पेक्युलम हे आत पाहायचं उपकरण लावून तपासणारे डॉक्टर किती आहेत? बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत सोनोग्राफीची चिठ्ठी हातात पडते. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखावर थोडी सूज किंवा एखादी गाठ दिसली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

या वाक्यानं जेवढ्या पिशव्या काढल्या गेल्या तेवढ्या कुठल्याही आजारानं गेल्या नसतील. म्हणून नीट ऐका. पांढरं जाण्याचा कॅन्सर होत नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि तोही बहुधा अनेक वर्षं रेंगाळलेल्या संसर्गातून. लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्या स्त्रियांमध्ये हा विषाणू जास्त काळ टिकतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे कॅन्सरच्या भीतीवरचा उपायसुद्धा तपासणी आणि योग्य उपचार हाच. तिशीनंतर प्रत्येक बाईनं गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात व्हिनेगर लावून करायची साधी चाचणी मोफत मिळायला हवी. नसेल तर ग्रामीण रुग्णालयात जा आणि मागा. मुलींना एचपीव्हीची लस द्या. आणि खरी धोक्याची चिन्हं लक्षात ठेवा: संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा डाग दिसणं, रक्तमिश्रित घाण वासाचा स्राव. यातलं एकही दिसलं तर हंगाम, उचल, मुकादम सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. ओटीपोटात दुखून ताप आला असेल तर त्याच दिवशी. गर्भनळ्यांचा संसर्ग वेळेत आवरला नाही तर वंध्यत्व येऊ शकतं.

काही आजारांत पिशवी काढणं बरोबर असतं, हेही सांगायला हवं. औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, फार मोठ्या गाठी, बाहेर आलेलं अंग, कॅन्सर. तिथं शस्त्रक्रिया जीव वाचवते, त्रास संपवते. माझा विरोध शस्त्रक्रियेला नाही. तपासल्याशिवाय, औषध देऊन पाहिल्याशिवाय, बाईला तिच्या भाषेत समजावल्याशिवाय तिशीतल्या शरीरातून अवयव काढण्याला आहे.

त्यातही सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले जातात तेव्हा. बत्तीस-पस्तीसच्या वयात एका दिवसात इस्ट्रोजेन थांबतं. अंगातून वाफा येणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं हे थोड्याफार जणांना माहीत आहे. जीवाणूंचं काय होतं ते मात्र कुणी सांगत नाही. इस्ट्रोजेन नाही म्हणजे अस्तरात साखरेचा साठा नाही, साठा नाही म्हणजे लॅक्टोबॅसिलस नाहीत, आणि ते नाहीत म्हणजे आंबटपणा नाही. आतड्यातून आलेला ई. कोलाय मग योनीमुखाशी निवांत घर करतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते, तिथून मूत्राशय काही दूर नाही. पांढरं जाण्याच्या त्रासातून सुटायला ऑपरेशन केलेली बाई मग आयुष्यभर उन्हाळी लागल्याची तक्रार घेऊन फिरते.

हे अंदाजानं बोलत नाही. १९९३ मध्ये राझ आणि स्टॅम यांनी, पाळी थांबलेल्या आणि वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना योनीमार्गात लावायला इस्ट्रोजेनचं मलम दिलं, काहींना नुसतं मलम. इस्ट्रोजेन मिळालेल्या स्त्रियांना वर्षाला सरासरी अर्धा वेळा संसर्ग झाला, इतरींना जवळजवळ सहा वेळा. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलस पूर्ण नाहीसे झाले होते, त्यांतल्या ६१ टक्के जणींमध्ये महिन्याभरात ते परत आले. नुसतं मलम लावलेल्यांत एकीतही आले नाहीत. ज्या ताईंचे बीजकोश आधीच काढलेले आहेत किंवा पाळी थांबलेली आहे आणि सारखी जळजळ होते, त्यांनी डॉक्टरांना या मलमाबद्दल जरूर विचारावं. दर वेळी प्रतिजैविकांचा नवा कोर्स हा त्यावरचा उपाय नाही.

लघवीबद्दलही आमच्या पिढीनं एक चुकीची गोष्ट शिकून परीक्षा दिल्या: निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक असते. २०१२ मध्ये शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातल्या ॲलन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट मूत्राशयातून घेतलेल्या लघवीतही जीवाणूंचा मागमूस दाखवला आणि नंतर ते जिवंत वाढवूनही दाखवले. मूत्राशयाचीही स्वतःची वस्ती असते. त्याहून चकित करणारी गोष्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवली: मूत्राशयाच्या पेशींत लपून झोपलेला ई. कोलाय, गार्डनेरेला तिथं थोडा वेळ जाऊन आला तरी जागा होतो आणि पुन्हा संसर्ग करतो. योनीमार्गाचा बिघाड आणि लघवीची जळजळ एकाच बाईला आलटून पालटून का छळतात याचं एक उत्तर त्यात असू शकतं. आपल्याकडे मात्र या दोन तक्रारी दोन वेगळ्या डॉक्टरांकडे आणि दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर जातात.

यातून औषध दुकानदारांना माझी विनंती आहे. दादा, तुमच्या काउंटरवर बाई किंवा तिचा नवरा येऊन हळू आवाजात सांगतो, आणि तुम्ही चांगल्या मनानंच दोन पट्ट्या काढून देता. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल, सोबत बुरशीची एक गोळी. त्यातलं एखादं औषध त्या वेळी लागूही पडतं. पण आयसीएमआरच्या अहवालांत भारतातल्या रुग्णालयांतून आलेल्या ई. कोलायच्या नमुन्यांपैकी निम्म्याहून जास्त सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत. म्हणजे रोग हलत नाही, पण आतड्यातली आणि योनीमार्गातली चांगली वस्ती मात्र मरते, आणि पुढच्या आठवड्यात बुरशी वर येते. मग आणखी एक पट्टी. त्यानंतर बाई म्हणते, औषधं करून थकले, आता पिशवीच काढते. चिठ्ठीशिवाय ही औषधं देऊ नका. त्याऐवजी तिला सांगा की जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधांचं किट दोन्ही मोफत मिळतं. लघवीची साधी जळजळ असेल तर नायट्रोफ्युरान्टॉइनसारखं जुनं, स्वस्त औषध पाच दिवसांत बहुतेक वेळा काम करतं आणि आतड्यातल्या जीवाणूंना फारसं छेडत नाही. पण तेही डॉक्टरांनी ठरवू द्या.

डॉक्टर मित्रांनो, तुम्हालाही एक सांगते. तक्रार नसताना लघवीत जीवाणू सापडले म्हणून औषध देऊ नका. २०१२ मध्ये इटलीत वारंवार संसर्ग होणाऱ्या ६७३ तरुण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, त्रास नसताना ज्यांना प्रतिजैविकं दिली त्यांनाच पुढे जास्त वेळा संसर्ग झाला. काही जीवाणू राखणदाराचं काम करतात आणि आपणच त्यांना मारतो. गरोदर बाईची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्या लघवीची कल्चर तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत व्हायलाच हवी, आणि जीवाणू सापडले तर त्रास नसला तरी उपचार हवा, नाहीतर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याची भीती असते. बॅक्टेरियल व्हजायनोसिस असलेल्या गरोदर स्त्रियांमध्ये दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांची लागण अशा स्त्रियांना सहज होते. साधी तक्रार म्हणून हसण्यावारी नेण्यासारखं यात काही नाही. पीएचचा कागदी पट्टा, स्पेक्युलम आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यात हे निदान होतं. १९८३ सालचे आम्सेलचे निकष आपण सगळ्यांनी पाठ केलेले आहेत. ते वापरा.

आता ताईंनो, तुमच्या हातातल्या गोष्टी. आतून धुऊ नका. साबण, जंतुनाशक, लिंबूपाणी, तुरटीचं पाणी, जाहिरातीतले सुवासिक वॉश, यांपैकी काहीही आत जाता कामा नये. वास येतो म्हणून बाई आतून धुते, धुतल्यानं आंबटपणा आणि लॅक्टोबॅसिलस वाहून जातात, आणि वास वाढतो. बाहेरून साध्या पाण्यानं धुतलं की झालं. संडासनंतर पुढून मागे धुवा. दही-ताक पोटात घ्या, चांगलंच आहे, पण दही किंवा लसूण योनीमार्गात ठेवण्याचे सल्ले ऐकू नका. दह्यातले जीवाणू वेगळे, तिथले वेगळे. दुकानात मिळणाऱ्या महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूलच्याही मागे लागू नका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत योनीमार्गात राहणारा खास लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस, औषधानंतर काही आठवडे, बहुतेक काळ आठवड्यातून दोनदा, आत ठेवल्यावर, बारा आठवड्यांत उलटून येणारे आजार ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले. आशा वाटावी असा निकाल आहे. पण ते औषध आणि आपल्या दुकानातली कॅप्सूल एक नाहीत.

पाळीच्या कापडाचं तर मला फार वाईट वाटतं, कारण त्यात बाईचा दोष नाही. ओडिशातल्या दोन रुग्णालयांत ४८६ स्त्रियांवर झालेला, २०१५ साली छापून आलेला अभ्यास सांगतो की पुन्हा पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्यांमध्ये हे संसर्ग जास्त होते. कापड वाईट नाही. ते साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवलं तर चालतं. पण फडाशेजारच्या कोपीत राहणाऱ्या बाईनं ते वाळवायचं कुठे? पाणी तर पिण्यापुरतंही नसतं. पहाटे अंधारात उठून फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या, आणि आडोसा नाही म्हणून लघवी दाबून धरायची. लघवीला जावं लागू नये म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं, तर त्यांना वर्षभरात सरासरी पावणेदोन वेळा संसर्ग झाला आणि इतरींना सव्वातीन वेळा, हे २०१८ मध्ये सिद्ध झालं आहे. नुसत्या पाण्यानं! दीड लिटर पाणी आणि एक आडोसा. साखर कारखान्यांच्या संचालकांना हे महाग पडणार आहे का?

नवऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. दादा, बायकोचा हा त्रास औषधानं बरा होऊन दोन महिन्यांत परत येत असेल तर तिला दोष देऊ नका. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींमध्ये तो परत येतो. अनेक वर्षं आम्ही डॉक्टर सांगत होतो की नवऱ्याला औषधाची गरज नाही. मार्च २०२५ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. १६४ जोडप्यांत, अर्ध्यांमध्ये फक्त बायकोवर उपचार केले, अर्ध्यांमध्ये नवऱ्यालाही सात दिवस गोळ्या आणि लावायला मलम दिलं. फक्त बायकोवर उपचार झाले तिथं बारा आठवड्यांत ६३ टक्के जणींचा आजार परतला, दोघांवर झाले तिथं ३५ टक्के. फरक एवढा उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. हे जीवाणू पुरुषाच्या अंगावरही राहतात, त्याला काही त्रास न देता. याचा अर्थ कुणी बाहेरख्याली आहे असा लावू नका, नवऱ्यावर नाही आणि बायकोवर तर मुळीच नाही. अर्थ एवढाच की त्रास वारंवार परतत असेल तर दवाखान्यात दोघांनी जायचं. बायकोच्या पिशवीवर चालवायच्या सुरीआधी नवऱ्यानं सात दिवस गोळ्या घेऊन पाहाव्यात, ही मागणी फार मोठी नाही.

मुकादमांनो, खाडा धरणं हे या सगळ्याच्या मुळाशी आहे. एक दिवस दवाखान्यात गेल्यावर मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो, म्हणून बाई आजार अंगावर काढते आणि शेवटी हंगामाआधीच कायमचा बंदोबस्त करून घेते. दवाखान्याचा दिवस खाड्यात धरू नका. कारखान्यांनी दर थळावर पाण्याची टाकी, स्त्रियांसाठी हलवता येण्याजोगं संडास-मुतारीचं शेड आणि पंधरा दिवसांतून एकदा स्त्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका, स्पेक्युलम आणि तपासणीचं टेबल पोहोचवावं. ऊस पोहोचवायला ट्रॅक्टर शेताच्या बांधापर्यंत जातो, तर हेही जाऊ शकतं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जिथं जिथं आमच्या टोळ्या उतरतात तिथल्या आशाताईंनी या स्त्रियांना परगावच्या म्हणून वगळू नये.

गावात उरलेले दिवस थोडे आहेत. आशाताईंनी आत्ताच प्रत्येक निघणाऱ्या घरात विचारावं: पिशवीचं ऑपरेशन ठरलं आहे का, कुणी सांगितलं, कशासाठी सांगितलं, आतून तपासणी झाली का, औषध किती दिवस घेतलं. ठरलं असेल तर त्या बाईला घेऊन सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यावं. डॉक्टरला विचारायचे प्रश्नही तिला शिकवावेत: नेमका आजार काय? ऑपरेशनशिवाय काय करता येईल? बीजकोश ठेवणार ना? ही उत्तरं कागदावर लिहून मागण्याचा तिला हक्क आहे. आणि ज्यांना पाळीचा काहीच त्रास नाही, फक्त पांढरं जातं, त्यांना घेऊन आशाताईंनी या बुधवारी किंवा पुढच्या बुधवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं, टेबलावर तपासणी होईपर्यंत तिथून उठू नये, आणि लागेल ते औषध पूर्ण दिवसांचं घेऊनच तिला गाडीत चढू द्यावं.